प्रवासाचा इतिहास : नाही

फॉर्मवर शेवटी एक रकाना असतो.
रात्रपाळीच्या डॉक्टरनं त्यात लिहिलं : नाही.
संघदीप डोंगरदिवे, वय तेवीस,
दर्यापूर सोडून कुठं गेला असेल तर
अकोल्याला, सर्वोपचारला, रक्त चढवायला.

सिकलवाला. सहा वर्षांचा होता तेव्हापासून
बी पॉझिटिव्ह जुळवून देत आले मी.
खिडकीच्या गजाला कपाळ टेकून विचारायचा,
"मावशी, आज कोनाचं हाय?"
मी म्हणायची, बँकेतल्या साहेबाचं.
"मंग आज हिशेब येईन मले."

शनिवारी त्याची बाटली गढुळली.
काचपट्टी रंगवली, भिंगाखाली सरकवली.
गुलाबी, किंचित वाकलेले,
कुणी वाक्य अर्ध्यात टाकून उठून जावं
तसे स्वल्पविराम.
बाजूला त्याच्या पेशी, विळ्यांसारख्या.

सरांनी डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही.
"ढोकणे, हा समुद्राचा जीव वाटतो.
पेशंट कुठल्या किनाऱ्याचा?"
पूर्णेच्या, सर.

सर मालवणचे. त्यांना कसं सांगायचं
की आमच्या खारपाणपट्ट्यात समुद्र जमिनीखाली राहतो,
म्हातारा, आंधळा, वाट चुकलेला,
आणि पोहऱ्यातून वर येतो.
त्यात तुरीची डाळ शिजत नाही,
साबण फेसाळत नाही, चहा नासतो,
पोरगी द्यायची तर लोक आधी
गावचं पाणी विचारतात.

त्याच पाण्याचं सोनं करायला कुणी निघालं.
शेततळ्यात प्लास्टिक, वर फिरते पंखे,
आंध्रातून आणलेली झिंग्यांची पिल्लं.
जंतू पिल्लांसोबत आला, की खाली आधीच
वाट पाहत होता, मला माहीत नाही.
संघदीप राखणदार.
बसून करायचं काम, सिकलवाल्याला झेपणारं.
गुरुवारी जाळं झटकताना झिंग्याचं शिंग बोटात गेलं.
हळद दाबली, झोपला.
शुक्रवारी दुपारी हात कोपरापर्यंत जांभळा,
फोड वांग्यांसारखे तकतकीत,
आणि रक्तदाब मशीनला सापडेना.

"याला लोखंड लागतं," सर म्हणाले,
"लोखंडावर माजतो हा.
पोराच्या यकृतात एवढं साठलं कुठून?"

मी काही बोलले नाही.
सतरा वर्षं. महिन्याला एक पिशवी, कधी दोन.
पिशवीगणिक चिमूटभर लोखंड,
जे शरीराला बाहेर टाकता येत नाही.
बँकेतल्या साहेबाचं, गणेश मंडळाच्या पोरांचं,
चौदा एप्रिलच्या शिबिरातलं,
दोनदा माझं.
गोळी आहे त्यावर. कधी असायची,
कधी पुढच्या महिन्यात या.

सोमवारी प्लेटवर हिरवे ठिपके उगवले.
तो रविवारीच गेला होता.
रिपोर्ट तरीही काढावा लागतो.

पोस्टानं गेला असता. मी एसटीनं गेले.
त्याच्या आईनं, निरंजनाबाईनं,
टँकरच्या पाण्याचा चहा ठेवला.
कागद उलटा धरून म्हणाली, "काय लिवलं?"
समुद्रातला जंतू होता, ताई.
"समुद्र कसा असते?"

मीही पाहिलेला नाही.
खारा, म्हणाले.
"अन् मंग?"

मंग काही सुचलं नाही.
अंगणातल्या रांजणाच्या पोटावर
पाणी जिथवर यायचं तिथवर
पांढरी रेघ होती, ती ती पाहत राहिली.
चहात साखर फार पडली होती.
दोघींनी तो तसाच घेतला.